भाऊराव कोल्हटकर कोण होते? बालगंधर्वांपेक्षा ते मोठे गायक नट होते का, आणि त्यांचं गाणं कुठे ऐकायला मिळेल?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: कुठेच नाही. भाऊराव गेले फेब्रुवारी १९०१ मध्ये आणि हिंदुस्थानात गाण्यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ च्या अखेरीस. जेमतेम पावणेदोन वर्षांनी हुकलं. त्यामुळे बालगंधर्वांशी तुलना करणाऱ्यांचं मी फारसं मनावर घेत नाही. एकाच्या तबकड्या आहेत, दुसऱ्याच्या नुसत्या आठवणी.

जन्म १८६३ चा, बडोद्याचा. संगीत नाटकं करणाऱ्या किर्लोस्कर मंडळीचे अण्णासाहेब किर्लोस्कर, त्यांनी तिथूनच भाऊरावांना गाण्यासाठी उचललं. पण अण्णासाहेबांना असा गाता गळा शोधत का फिरावं लागलं, ते बघा. त्याआधीच्या, विष्णुदास भाव्यांच्या वळणाच्या नाटकात पदं मुख्यतः सूत्रधार म्हणायचा. अण्णासाहेबांनी १८८० च्या ‘शाकुंतला’त ती पात्रांच्याच तोंडी घातली. म्हणजे नायिकेनं स्वतः गायचं, आणि मंडळीत बाई तर एकही नाही! नुसता गोरागोमटा पोरगा उभा करून भागेना. पहिल्या प्रयोगात शकुंतला शंकरराव मुजुमदारांनी केली होती. भाऊराव आल्यावर ती त्यांच्याकडे गेली.

१८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यात अण्णासाहेबांचं ‘सौभद्र’ आलं. मोरोबा वाघोलीकर अर्जुन, भाऊराव सुभद्रा. दादानं दुर्योधनाशी लग्न ठरवलेलं, मन अर्जुनावर, आणि ही म्हणते, ‘वद जाऊ कुणाला शरण’. माइक नाही, स्पीकर नाही. तार सप्तकात सहज चढणारा तो आवाज थेट पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा. लोक त्यांना लाडानं ‘भावड्या’ म्हणायचे.

मला स्वतःला त्यांचा पुढचा काळ जास्त भावतो. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले, काही वर्षांनी मोरोबाही मंडळीतून बाहेर पडले, आणि ज्याला सगळा महाराष्ट्र नायिका म्हणून ओळखत होता त्यानं लुगडं उतरवून पुरुषपार्ट घेतले. ‘वीरतनया’त शूरसेन, आणि १८९९ मध्ये देवलांच्या ‘शारदे’त कोदंड. म्हाताऱ्याशी लावलेल्या लग्नाविरुद्ध उभा राहणारा तो तरुण! दोनच वर्षांत भाऊराव गेले, चाळिशीही न गाठता.

बालगंधर्व त्याच किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ मध्ये. दोघं एका रंगमंचावर कधी उभे राहिलेच नाहीत.