मित्रावरच डॉक्युमेंटरी करायचीय, पण कॅमेरा लावला की तो गप्प!

प्रश्न : नमस्कार ताई, मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव मालवण तालुक्यात. फायनल प्रोजेक्टला एका माणसाचं मल्टिमीडिया प्रोफाइल करायचंय, म्हणजे एका वेबपेजवर लेख, दहा-बारा फोटो, ऑडिओ आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ. मी माझ्या बालमित्रावर करतोय. तो घरच्या रापणीवर जातो, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आजोबांपासून त्यांचा वाटा आहे. मला दाखवायचंय की ही परंपरा संपत चाललीय आणि हा शेवटच्या पिढीतला. प्रॉब्लेम असा की कॅमेरा लावला की गडी एकदम गप्प, काही विचारलं की "तुका सगळा म्हायत आसा मरे" म्हणून हसतो. दुसरं म्हणजे सीझनला तो दुपारी स्कूबाच्या बोटीवर काम करतो, त्याने स्टोरीचा फील जातो, ते गाळलं तर चालेल का? सर म्हणतात मालवणी नको, प्रमाण मराठीत बोलायला लाव. किनाऱ्यावर रेकॉर्ड केलं की नुसता वारा ऐकू येतो. एकाकडे ड्रोन आहे, तो वापरू का? आणि एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासळी ओढून मासेमारी करणाऱ्या एका बोटीचं नाव त्याने घेतलंय, ते ठेवू का? मार्चमध्ये सबमिशन आहे, प्लीज लवकर सांगा.

उत्तर : अरे बाबा, किती प्रश्न एका दमात! पण त्यातले दोन मला एकच वाटतायत, तेच आधी घेते.

तो गप्प होतो कारण तो बरोबर बोलतोय, तुला खरंच सगळं माहितीय. निदान तुम्हा दोघांना तसं वाटतं. अनोळखी माणसाने विचारलं असतं "रापण म्हणजे काय हो?" तर त्याने अर्धा तास सांगितलं असतं, तू विचारलंस की त्याला वाटतं हा काय नाटक करतोय, लहानपणी माझ्याबरोबर दोर ओढायला यायचा आणि आता विचारतो दोर कसा ओढतात. स्कूबाचंही तेच आहे बघ. तो कोण आहे हे तू शूटिंगच्या आधीच ठरवून टाकलंस, "शेवटचा रापणकर" वगैरे, आणि आता त्याची निम्मी दुपार त्यात बसत नाहीये म्हणून कापायला निघालायस.

मी पण हे केलंय, म्हणून जरा जोरात बोलतेय. माझ्या पहिल्या प्रोजेक्टला मैत्रिणीच्या आईवर केलं होतं, ती आमसुलं करायची. मी वरून छान आवाजात "निसर्गाशी नातं जपणारी" असलं काहीतरी बोलले होते. तिने बघितलं, शेवटपर्यंत शांत बसली आणि म्हणाली, "ह्या मी कधी म्हटलंय?" तिला खरं तर बोलायचं होतं की पावसाच्या आधी आमसुलं वाळली नाहीत तर सगळी मेहनत फुकट जाते आणि त्या दिवसांत तिला झोप लागत नाही. मी विचारलंच नव्हतं!

तर स्कूबा अजिबात गाळू नकोस. पहाटे रापणीचा दोर आणि दुपारी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पर्यटकांना पाण्यात उतरवणं, एकच समुद्र, एकच पोरगा, दोन पगार. म्हणजे एकीकडे वाटा आणि एकीकडे पगार. यातलं घर कशावर चालतं, कुठल्या दिवशी कुठलं सोडावं लागतं, रापणीला माणसं कमी पडली आणि त्याच दिवशी स्कूबाची गर्दी असली तर वडील काय म्हणतात, हे विचार. याची उत्तरं तुला माहीत नाहीयेत, मी पैजेवर सांगते.

आता बोलता कसं करायचं. खुर्चीत बसवून "तुझं नाव सांग" करू नकोस. त्याला ओल्या वाळूवर बसव आणि बोटाने रापण काढून दाखवायला सांग. होडी इथून निघाली, जाळं टाकत टाकत अर्धगोल मारून तिकडे आली, दोरांची दोन टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडून माणसं ओढतायत, ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतायत आणि मासळी मधल्या झोळीत जमतेय. हात चालू झाला की तोंड चालू होतं. कॅमेरा वरून फक्त वाळू आणि बोटांवर ठेव, चेहरा नकोच, त्याचं लाजणं तिथेच संपेल. दुसरी युक्ती म्हणजे मुंबईहून आलेलं एखादं लहान भावंड शेजारी बसव आणि त्याला प्रश्न विचारू दे, पोरं निर्लज्जपणे "पण का?" विचारतात, तेच पाहिजे.

ह्या वाळूवरच्या चित्राने ड्रोनचंही काम होतं. अर्धगोल वरूनच नीट दिसतो हे मान्य, पण 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि आपल्याकडे चिपीचा विमानतळ आहे. त्याच्या जवळच्या भोगवे-निवतीच्या बाजूला शूट करणार असशील तर विसरच. दुसरीकडे असलास तरी ड्रोनच्या सरकारी नकाशात आधी झोन बघ, म्हणजे तिथे परवानगी लागते का ते कळेल. नाहीतर जवळच्या टेकाडावर चढ, तो शॉट फुकट आहे.

वाऱ्याचं सोपं आहे, शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आठव. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, तो तुझ्या माईकवर आदळतो. बोलणं सकाळी दहाच्या आत उरक, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला बस, कॉलर माईक शर्टाच्या आतून लाव आणि माईकला ते केसाळ कव्हर मिळतं ते घाल. मोबाइलवर हेडफोन लावून ऐकल्याशिवाय रेकॉर्डिंग संपलं असं समजू नकोस. आणि कोणी बोलत नसताना एक मिनिट नुसता समुद्र रेकॉर्ड करून ठेव, एडिटिंगला दोन वाक्यं जोडताना तोच मधे घालायचा.

मल्टिमीडिया म्हणजे एकच गोष्ट चार वेळा सांगणं असा बऱ्याच जणांचा समज असतो, लेखात तेच, फोटोत तेच, व्हिडिओत परत तेच. असं करू नकोस. दोराने सोललेला तळवा हा फोटो आहे, जवळून, सकाळच्या तिरक्या उजेडात. ओढतानाचा "हैसा" आणि मधेच कुणाचा तरी खोकला, हा ऑडिओ, त्याला चित्राची गरज नाही. वाट्याचा हिशोब लेखात लिही, जाळ्याचा किती, होडीचा किती, माणसाचा किती, आणि सहज येऊन दोराला हात लावणाऱ्यालाही पिशवीत चार बांगडे कसे मिळतात तेसुद्धा. आकडे त्याच्याकडूनच घे, गावागणिक पद्धत बदलते. व्हिडिओ ठेव बापलेकांच्या बोलण्याला.

भाषेबद्दल सरांशी नीट बोल, भांडू नकोस, मार्क त्यांच्याच हातात आहेत! पण त्याला मालवणीतच बोलू दे आणि खाली प्रमाण मराठीत सबटायटल दे. प्रमाण मराठीत तो शाळेत फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा बोलेल. सरांना दोन्ही प्रकारे रेकॉर्ड केलेलं एक-एक मिनिट ऐकव, बहुतेक पुढचं बोलावंच लागणार नाही.

एलईडीवाल्या बोटीचं नाव काढून टाक. विषय मात्र ठेव, कारण तो खरा आहे. 2017मध्ये केंद्राने एलईडी लाइट वापरून मासेमारी करायला बंदी घातली आणि तरी किनाऱ्यावर भांडणं चालूच आहेत. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा कारभार राज्याकडे असतो, तेव्हा मत्स्य विभागाच्या ऑफिसात जाऊन त्यांचं म्हणणं घे. पण नाव घेऊन आरोप केलास आणि पुरावा नसला तर तू सबमिशन करून मोकळा, गावात राहायचंय त्याला.

एक राहिलंच, परवानगी फक्त मित्राची घेऊन भागत नाही, रापणीवर वीस-पंचवीस माणसं असतात. तिथल्या जुन्या माणसाला आधी भेट, आणि पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवून दोर ओढ.

प्रश्न : ताई, माझं उलटं आहे. माझी मैत्रीण माझ्यावर असंच प्रोजेक्ट करतेय, मी वेंगुर्ल्यात आईबरोबर घरगुती खानावळ चालवते. बोलता बोलता मी बाबांच्या कर्जाचं बोलून गेले. आता नको वाटतंय, पण तिला सांगितलं तर ती म्हणेल तोच तर बेस्ट भाग आहे. काय करू?

उत्तर : आज सांग, एडिटिंग होण्याआधी. आणि भेटून सांगितलंस तरी नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाक, "बाबांच्या कर्जाचा भाग वापरू नकोस", म्हणजे नंतर गैरसमज नको. कारण द्यायची गरज नाही. बोलताना तू मैत्रिणीशी बोलत होतीस, माईक मधे होता हे विसरलीस, असं सगळ्यांचंच होतं. ती म्हणेल बेस्ट भाग गेला, म्हणू दे. त्याऐवजी तिला पहाटे पाचला बोलाव, तू आणि आई नारळ खवताना, तेव्हा तुम्ही दोघी जे भांडता ते तिने अजून शूट केलं नसणार.