फर्नाल्ड शाळेतल्या मुलांना खरंच किरणोत्सारी ओटमील खायला दिलं होतं का?

हो, दिलं होतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमची ही सरकारी निवासी शाळा. मतिमंद ठरवलेली मुलं तिथे ठेवत, पण त्यातली बरीच तशी नव्हतीच. ती नुसती निराधार होती. १९४६ ते १९५३ या काळात एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या न्याहारीत किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम मिसळलं. धान्यातल्या फायटेट या नैसर्गिक घटकामुळे ही खनिजं अंगी कमी लागतात का, हे त्यांना बघायचं होतं. खर्चात क्वेकर ओट्स कंपनीचा हातभार होता.

मात्रा अगदी कमी होती आणि पुढे झालेल्या चौकशीतही मुलांच्या तब्येतीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. तरी ‘मग बिघडलं काय?’ हे मला अजिबात पटत नाही. पालकांना पाठवलेल्या पत्रांत किरणोत्साराचा उल्लेखच नव्हता. मुलांना ‘सायन्स क्लब’चे सदस्य केलं, जादा दूध दिलं, बेसबॉलचा सामना दाखवला. घरच्या मायेला पारखी झालेली ही पोरं कशाला नाही म्हणणार होती! हा फायदा उठवणं अक्षम्यच.

१९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी पाठबळाने झालेल्या अशा किरणोत्सार प्रयोगांबद्दल माफी मागितली. १९९८ मध्ये एमआयटी आणि क्वेकरने १८.५ लाख डॉलर देऊन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी लावलेला दावा मिटवला.