कोकणातल्या गावांत म्हातारी माणसंच जास्त का दिसतात?

प्रश्न असा आहे की कोकणातली गावं म्हातारी झाली ती जन्मदर घटला म्हणून, की तरुण मुंबईला गेले म्हणून, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथे काय होईल. त्यावर एकाने उत्तर दिलंय की सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया आहेत, म्हणजे तिथे स्त्रीला मान आहे. हे वाचलं आणि राहवलं नाही.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेचा मास्तर होतो, आता निवृत्त. २०११ च्या जनगणनेत माझ्याच वाडीचा प्रगणक होतो. तो १०३६ चा आकडा ज्या फॉर्मांतून आला त्यातले काही मी स्वतः भरलेत. मानाबिनाचा काही संबंध नाही. सहा वर्षांखालच्या पोरांत आमच्याकडेही मुलीच कमी आहेत. पुढे मुलगे मोठे होतात, मुंबईची गाडी पकडतात आणि हिशोब उलटा होतो. शेजारच्या रत्नागिरीत तर तो आकडा ११२२ होता.

आणखी एक गंमत. सिंधुदुर्गात हेच प्रमाण २००१ साली १०७९ होतं. दहा वर्षांत ते उतरलं, म्हणजे पुरुष परत आले असं समजू नका. आधी पुरुष एकटा जायचा. माझे वडील गिरणीत होते; गिरणगावात एका खोलीत वीस-पंचवीस गाववाले पाळीपाळीने झोपायचे, आणि आई इकडे भात लावायची, मनीऑर्डरची वाट बघायची. आता लग्न झालं की महिन्याभरात नवराबायको दोघंही विरार नाहीतर बदलापूर. पोरं तिकडेच जन्मतात. म्हणजे जन्मदर की स्थलांतर हा प्रश्नच तसा फसवा आहे. आमच्या गावची मुलं जन्मतात, फक्त गावात जन्मत नाहीत. मुलं कमी होतात हेही खरंच, पण ते सगळ्या महाराष्ट्रात कमी होतात. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या सोळा टक्के वाढली आणि तीनच जिल्ह्यांची घटली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि आम्ही. आम्ही ८,६८,८२५ होतो ते ८,४९,६५१ झालो.

त्या ८,४९,६५१ वरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं भांडण आहे, ते अजून मिटलेलं नाही.

२०१० च्या उन्हाळ्यात जनगणनेच्या पहिल्या फेरीचं, म्हणजे घरयादीचं काम झालं तेव्हा वाडी भरलेली होती. आंबे उतरायचे दिवस, चाकरमानी आलेले, खळ्यांत म्हणजे अंगणांत पोरं, प्रत्येक घरात चहा. मग ९ ते २८ फेब्रुवारी २०११ ला माणसं मोजायला निघालो तर निम्म्याच्या आसपास घरांना कुलूप. उघड्या घरांत बहुतेक ठिकाणी एक म्हातारी, नाहीतर म्हातारा-म्हातारी. फॉर्मवर वय लिहायचं तर वय कुणाला ठाऊक? मग आम्ही वर्षं अशी काढायचो: कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला पोटात होता की पाळण्यात, म्हणजे १९६७ चा डिसेंबर. एक आजी म्हणाली, "रामदास बुडली तेवा मी पाळण्यात होतंय." रामदास बोट बुडाली जुलै १९४७ मध्ये, म्हणजे आजी चौसष्टच्या आसपास. इतकं खणायला सगळ्यांना वेळ नसतो. बरेच जण सरळ साठ, पासष्ट, सत्तर असं ठोकून देतात. म्हाताऱ्यांच्या वयाचे तक्ते वाचताना शून्य आणि पाच या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका, हे तुम्हाला पुस्तकात सापडलं नाही तर माझ्याकडून घ्या.

शेवटी माझं घर आलं. आई पडवीत बसून कोकमं निवडत होती. माझं, बायकोचं, मुलीचं, तिचं नाव लिहिलं.

"दादाचा लिव."

म्हटलं, आये, तो हय नाय.

"नाय म्हणजे? तो काय मेलो? गणपतीक येता, शिमग्याक येता. लिव."

नियम साधा होता. त्या वीस दिवसांत जो एकदाही घरी राहिला नाही त्याला तिथे मोजायचं नाही. तो जिथे राहतो तिथे त्याला मोजतील. आईला नियम कळला, पटला नाही. तिच्या मते मी मोठ्या भावाला घरातून खोडत होतो. ती दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

१ मार्चला सकाळी दादा स्वतः उगवला. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, कुणकेश्वरची जत्रा. मी दुरुस्तीच्या फेरीला निघालेलो, गळ्यात पिशवी. आईने त्याला सगळं सांगितलेलंच होतं. तो दारात उभा राहून म्हणाला, "आता दिसतंय मां मी? मग लिव."

मी त्याला समजावलं की गणना धरायची ती २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतो त्या क्षणाची, आणि तेव्हा तू गाडीत होतास. या फेरीत मी त्या क्षणापर्यंतचे जन्म-मृत्यू लावतो. आणि तुला तुझ्या घरी मोजलं असेलच की. तर म्हणाला, नालासोपाऱ्याला बाई आली होती फॉर्म घेऊन, आम्ही तिला सांगितलं, आमची नावं गावाला आहेत, गावाला लिहितील.

म्हणजे दादाच्या घरची पाच माणसं कुठेच नाहीत. धड वसईत नाहीत, धड देवगडात नाहीत.

त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. नाव गेलं म्हणजे घरातला हिस्सा गेला. मी परोपरीने सांगितलं की १९४८ च्या जनगणना कायद्याने ही माहिती गुप्त असते, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही, सातबारा वेगळा, घरपट्टी वेगळी. "सरकारचो कागद घेऊन माका भायर काढलंस," एवढंच त्याचं पालुपद. त्या वर्षी गणपतीत आरतीला माझ्या बाजूला उभा राहून झांजा वाजवल्या, पण माझ्याशी एक शब्द नाही.

आता माझं म्हणणं ऐका. दादाचं नाव लिहून काय झालं असतं? गाव कागदावर भरलेलं दिसलं असतं. आणि न लिहून तरी काय झालं? गाव लहान दिसलं. दोन्हीकडून म्हातारीच मरते. आरोग्य उपकेंद्राचा निकष पाच हजार माणसांमागे एक, डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक. त्यात माणूस विशीचा की ऐंशीचा, कुणी विचारत नाही. पाचशे तरुणांचं गाव आणि पाचशे म्हाताऱ्यांचं गाव निकषाला सारखंच. उलट माणसं जितकी जातात तितका तुमचा हक्क कमी होतो आणि गरज वाढत जाते. मोजायचीच असतील तर वयं मोजा. हे मी प्रशिक्षणात विचारलं होतं. साहेब म्हणाले, गुरुजी, तुम्ही फॉर्म भरा.

शाळेचंही तेच. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या शाळेत सात मुलं होती, त्यातली दोन बागेची राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबाची. वीसपेक्षा कमी पट म्हणजे शाळेवर कायमची टांगती तलवार. आणि शाळा गेली की उरलेल्या दोन तरुण सुना कुठल्या तोंडाने थांबतील?

तुम्ही विचारलंत पुढे काय होईल. पुढची गणना १ मार्च २०२७ ची धरलेली आहे, तेव्हा कळेल. माझा अंदाज विचाराल तर म्हातारे वाढतील, आणि ते केवळ तरुण गेले म्हणून नव्हे. गेलेले म्हातारे होऊन परत येतात. आमचा दादाच बघा. निवृत्त झाला, नालासोपाऱ्याची खोली मुलाला दिली आणि वहिनीला घेऊन आला. घराच्या पूर्वेकडच्या दोन खोल्या त्याच्या. हिस्सा कुणी खाल्ला नव्हता, तसाच होता. म्हणजे तरुणपण मुंबईला दिलं आणि गुडघे गावाला आणले. हे मी त्याच्या तोंडावरही बोललोय.

तुमचे आईवडील गावाला असतील तर त्यांचं नाव तिथे आणि तुमचं जिथे तुम्ही झोपता तिथे, एवढं करा. प्रेम दाखवायला रेशनकार्ड आणि गणपती आहेत, जनगणनेचा फॉर्म नको. आणि महिन्यातून एकदा फोनवर "सगळं बरं ना" विचारण्यापेक्षा वाडीत रात्री गाडी चालवणारं कोण आहे त्याचा नंबर घेऊन ठेवा. आमच्याकडे असा एकच आहे आणि तो पन्नाशीचा.

हे सगळं देवगडच्या आंबापट्ट्यातलं आहे, मंडणगड किंवा दोडामार्गला चित्र थोडं निराळं असेल. आकडे २०११ चे आहेत, नवे आलेलेच नाहीत. आणि एक कबूल करतो, मी गावात राहिलो कारण मला सरकारी नोकरी होती. वडिलांची जमीन दीड एकर, त्यातही अर्धा सडा, म्हणजे नुसता कातळ. आम्ही दोघं राहिलो असतो तर दोघं उपाशी राहिलो असतो. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.

तो आत्ता खळ्यात बसून मी लिहिलेलं वरपर्यंत वाचून गेला. म्हणतो, पाच नव्हे, सहा. त्या महिन्यात त्याच्या सासूबाई त्यांच्याकडेच होत्या. तेव्हा वर पाचच्या जागी सहा वाचा.