अमेरिकी गीतकार-संगीतकार स्टीफन फॉस्टरची गाणी एवढी गाजली, मग तो कंगाल का झाला?

कारण पैसा दुसऱ्यांच्या खिशात गेला. फॉस्टरचा जन्म १८२६ चा, पिट्सबर्गजवळचा. तेव्हा रेकॉर्ड नव्हत्या. गाणं विकलं जायचं ते छापील नोटेशनच्या रूपात. ‘ओ! सुझाना’ (१८४८) अमेरिकाभर पोचलं, पण त्याच्या हाती पडले जेमतेम शंभर डॉलर. कॉपीराइट कायदा कच्चा, त्यामुळे भलत्याच प्रकाशकांनी सर्रास प्रती छापल्या. कार्यक्रमात कुणी गाणं गायलं तर रचनाकाराला दमडीही नाही.

पुढे न्यूयॉर्कच्या प्रकाशकाशी करार होऊन प्रतीमागे मानधन सुरू झालं. पण हा गडी व्यवहारात कच्चाच. ‘ओल्ड फोक्स ॲट होम’वर (१८५१) रचनाकार म्हणून क्रिस्टी या गायक-मंडळीच्या मालकाचं नाव छापलं गेलं, आणि तेही फॉस्टरनेच पैसे घेऊन दिलेलं! १८५७ मध्ये जुन्या गाण्यांचे हक्कही विकले. वर दारू. १८६४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात तो वारला. जवळ ३८ सेंट होते.

त्याची बरीच गाणी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या कलाकारांसाठी होती, हे मात्र लपवू नये. अमेरिकेतल्या केंटकी राज्याचं राज्यगीत त्याचंच; त्यातला कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानास्पद शब्द राज्याने १९८६ मध्ये बदलला.