'थ्रेड-सेफ'ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचकाने विचारलंय: "एम्बेडेड प्रणालींवर (यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांवर) मराठीत लिहितोय. 'थ्रेड-सेफ ड्रायव्हर'ला 'धागा-सुरक्षित चालक' म्हटलं तर चालेल का?"

माझ्या मते नको. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक. अशी अनेक कामं एकच ड्रायव्हर (सेन्सरसारख्या उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम) वापरत असतानाही गोंधळ होत नसेल, तर तो थ्रेड-सेफ. 'चालक' म्हटलं की डोळ्यांपुढे एसटीचा चालक येतो, शेजारी वाहकही उभा राहतो. ड्रायव्हर ड्रायव्हरच राहू द्या. 'धागा' मात्र छान आहे, तो ठेवा.

खरी अडचण 'सुरक्षित'ची आहे. 'धागा-सुरक्षित' वाचलं की धागा सुखरूप आहे असं वाटतं. इथे जपायचं असतं ते ड्रायव्हरने हाती घेतलेलं काम, आणि तेसुद्धा धाग्यांपासूनच. 'उच्चतापसह विटा' यातला 'सह' मला बराच काळ खुणावत होता, कारण त्याचा अर्थ 'सहन करणारा'. पण 'धागासह' म्हटलं की कुणालाही 'धाग्यासकट' असंच ऐकू येणार. 'रोधक' तर उलटाच अर्थ देतो. जलरोधक कापड पाण्याला आत येऊच देत नाही. हा ड्रायव्हर सगळ्या धाग्यांना येऊ देतो, फक्त एकेकाला.

नेमकं काय बिघडतं ते पाहिलं की शब्द सुचायला लागतात. बीएमपी२८० हा दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर घ्या. आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरून वाचताना आधी त्याला रजिस्टरचा (सेन्सरमधल्या आकड्यांच्या कप्प्याचा) पत्ता सांगायचा, मग बाइट मागायचे. तापमानाचा पत्ता ०xएफए, दाबाचा ०xएफ७. समजा, एका धाग्याने ०xएफए सांगितला आणि तेवढ्यात शेड्युलरने (धाग्यांना आळीपाळीने वेळ वाटून देणाऱ्या भागाने) त्याला थांबवलं. दुसरा आला, त्याने ०xएफ७ सांगितला आणि तोही तिथेच थांबवला गेला. आता पहिला परत येऊन बाइट मागतो, त्याला दाबाचे मिळतात आणि तो ते तापमान समजून पुढे पाठवतो. कुठेही एरर येत नाही. आकडा येतो, पण चुकीचा.

याला मराठीत सरळ 'मध्येच घुसणं' म्हणतात. ते टाळायला आतून कडी लावायची. म्युटेक्सला, म्हणजे एका वेळी एकाच धाग्याला आत सोडणाऱ्या साधनाला, मी 'कडी' म्हणतो ते यासाठी, की ज्याने आत जाऊन लावली त्यानेच ती काढायची असते. बाहेरचे तोवर खोळंबतात. फ्रीआरटीओएस या एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टिमच्या म्युटेक्सचाही हाच नियम आहे. आणि पत्ता सांगताना एकदा, बाइट मागताना पुन्हा एकदा, अशी दोनदा कडी लावून उपयोग नाही. मधली फट उरतेच. पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत ती लागलेली हवी. 'सुरक्षित' या विशेषणात हे 'कुठपासून कुठवर' मावत नाही, क्रियापदात मावतं. म्हणून मथळ्यात खुशाल 'थ्रेड-सेफ' लिहा आणि मजकुरात लिहा: 'हा ड्रायव्हर पत्ता सांगण्यापासून शेवटचा बाइट येईपर्यंत कडी लावून काम करतो.' नवख्या वाचकाला यातून ड्रायव्हर कसा लिहायचा हेही कळतं.

सेमाफोरला मात्र कडी म्हणू नका. त्यात एक धागा खुणेची वाट पाहत थांबतो आणि दुसरं कुणीतरी खूण करून त्याला सोडतं. संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी हा शब्द रेल्वेच्या खांबावरचा हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलवरून घेतला, आणि त्यावरच्या दोन क्रियांना पी आणि व्ही ही अक्षरं आपल्या डच भाषेतून दिली. इंटरप्टच्या, म्हणजे उपकरणाने हाक देताच मध्येच चालणाऱ्या, फंक्शनला खोळंबता येत नाही, त्यामुळे तिथे कडी लावायची सोयच नसते. बाइट आले की त्याने फक्त खूण करायची. आपल्याकडे त्या जुन्या सिग्नलचा हात खाली आला की 'सिग्नल पडला' म्हणत, गाडी सुटायला मोकळी. तेच इथे वापरा: 'इंटरप्टने सिग्नल पाडला, की ताटकळलेला धागा पुढे निघतो.'