नोंदवहीबाहेरची मासळी

गेल्या अंकात सागरी मत्स्योत्पादनाच्या आकडेवारीवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : जी मासळी कोणत्याही नोंदवहीत चढत नाही, तिचा हिशेब लावायचा कसा?

प्रश्न : प्रत्येक देश आपल्या सागरी मत्स्योत्पादनाचे आकडे जाहीर करतो. मग आणखी वेगळे अंदाज कशासाठी बांधायचे?

उत्तर : देशोदेशींचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे जातात आणि १९५० पासूनची जागतिक मालिका त्यांतूनच उभी राहिली आहे. ही मालिका नसती तर आज सगळेच चाचपडत असते, एवढे तिचे मोल आहे. मात्र तिच्यात प्रामुख्याने बंदरावर उतरलेली आणि बाजारात गेलेली मासळी असते. घरच्या जेवणासाठी पकडलेली, हौसेखातर गळाने गरवलेली किंवा चोरून पकडलेली मासळी बहुधा तिच्यात येत नाही. जाळ्यात आली पण भाव मिळणार नाही म्हणून समुद्रातच फेकून दिलेली मासळी तर व्याख्येनेच वगळलेली असते. खरी अडचण पुढे येते. माहिती नाही म्हणून कोरा सोडलेला रकाना बेरीज करताना शून्य होऊन बसतो, आणि काही वर्षांनी तो कोरा होता हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९८ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला आणि उपलब्ध धाग्यादोऱ्यांवरून जुनी पकड नव्याने मांडावी, असा आग्रह धरला.

टांझानियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या देशाच्या नावावर जागतिक मालिकेत दिसणाऱ्या आकड्यांत झांझिबार बेटांवरची पकड धरलेलीच नव्हती, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून पुढे आले. बेटे होती, होड्या होत्या, बाजार रोज भरत होता. कागदावर मात्र काहीच नव्हते. ओहोटीच्या वेळी खडकांवरून आणि प्रवाळांच्या उथळ पट्ट्यांवरून शिंपले, खेकडे, लहान मासे वेचणाऱ्या स्त्रियांची गतही अशीच. जगभरातील स्त्रिया लहान प्रमाणावरच्या मासेमारीतून वर्षाला सुमारे २९ लाख टन मासळी मिळवतात, असा अंदाज २०२० मध्ये मांडला गेला. यातली बरीच मासळी होडीतून उतरत नाही, म्हणून होडी मोजणाऱ्याला ती दिसत नाही.

पॉली आणि डर्क झेलर यांनी जगभरच्या सहकाऱ्यांच्या मदतीने देशोदेशींची अशी फेरमांडणी केली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अधिकृत मालिकेनुसार १९९६ साली जगाची सागरी पकड ८ कोटी ६० लाख टनांच्या शिखरावर पोचली होती. फेरमांडणीत तेच शिखर १३ कोटी टनांवर गेले, आणि त्यानंतरची घसरणही अधिकृत आकड्यांपेक्षा बरीच तीव्र निघाली.

प्रश्न : जे कोणी मोजलेच नाही, ते आज मोजणार कसे? हौशी मासेमारांची ना नोंदणी असते, ना पावती.

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याला थोडी जास्त जागा देत आहे.

मूळ हिशेब सोपा आहे : एकूण फेऱ्या किती झाल्या आणि एका फेरीत सरासरी किती मासळी मिळाली, या दोहोंचा गुणाकार. समजा, एका किनाऱ्यावर वर्षात एक लाख फेऱ्या झाल्या आणि दर फेरीला सरासरी दीड किलो मासळी मिळाली, तर पकड १५० टन झाली. फेऱ्या प्रत्यक्षात १ लाख ६० हजार असतील तर तीच पकड २४० टन होते. म्हणजे सरासरी कितीही काटेकोरपणे काढली, तरी फेऱ्यांचा आकडा चुकला की सगळेच चुकले.

सरासरी काढण्यासाठी सर्वेक्षक धक्क्यावर उभा राहतो. होडी लागली की तो विचारतो : किती जण होता, किती तास गळ टाकले, काय मिळाले, परत काय सोडले. मोजपट्टी बसवलेल्या फळीवर तो एकेक मासा तोंडापासून शेपटीपर्यंत आडवा ठेवतो, जात आणि लांबी लिहून घेतो, जमल्यास वजनही करतो. दहा जणांतले सहा-सात रिकाम्या हाताने येतात आणि एखाद्याची पेटी भरलेली असते, त्यामुळे थोड्या मुलाखतींवरून काढलेली सरासरी फार हेलकावे खाते. शिवाय रात्री गरवणारे आणि खासगी धक्क्यावर उतरणारे त्याला भेटतच नाहीत. त्यांची पकड इतरांसारखीच असेल असे गृहीत धरावे लागते, आणि ते गृहीतक दरवेळी खरे असतेच असे नाही.

फेऱ्यांचा आकडा धक्क्यावर उभे राहून कळत नाही. त्यासाठी घराघरांत विचारावे लागते. अमेरिकेत १९७९ पासून किनारी भागांतील घरांना दूरध्वनी करून ही माहिती गोळा केली जात होती. पुढे घरातले दूरध्वनी कमी झाले, अनोळखी फोन उचलणारेही कमी झाले, आणि २००६ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने या पद्धतीतील दोष स्पष्टपणे दाखवून दिले. मग टपालाने प्रश्नावली पाठवण्याची पद्धत आली. दोन्ही पद्धती तीन वर्षे शेजारी-शेजारी चालवून तुलना केली, तेव्हा टपालातून येणारे फेऱ्यांचे आकडे, विशेषतः किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांचे, कितीतरी पटींनी मोठे निघाले आणि २०१८ मध्ये मागच्या सगळ्या वर्षांचे अंदाज बदलावे लागले.

तरीही गोष्ट तिथे संपली नाही. त्या प्रश्नावलीत आधी गेल्या दोन महिन्यांतील फेऱ्या आणि नंतर वर्षभरातील फेऱ्या विचारल्या होत्या. हा क्रम उलटा करून पाहिल्यावर नव्या पद्धतीत फेऱ्या सुमारे ३० ते ४० टक्क्यांनी जास्त धरल्या जात असाव्यात, असे २०२३ मध्ये हे सर्वेक्षण करणाऱ्या तेथील मत्स्यव्यवसाय खात्यानेच जाहीर केले. दोन प्रश्नांची जागा बदलली आणि एवढा फरक पडला! माणूस खोटे बोलतो असे नाही. जुनी चांगली फेरी त्याला कालच्यासारखी आठवते आणि तो ती चुकीच्या महिन्यात घालतो. मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती चूक उघडपणे मान्य करण्याची तयारी, कारण त्या आकड्यांवर हजारो लोकांचा मासेमारीचा हंगाम ठरतो.

स्मरणशक्तीवरचा हा भार कमी करण्यासाठी ऑस्ट्रेलियाने २०००-०१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगळा मार्ग धरला. निवडलेल्या घरांना छोटी रोजनिशी दिली आणि वर्षभर ठरावीक काळाने फोन करून तिच्यातील नोंदी उतरवून घेतल्या.

प्रश्न : परत पाण्यात सोडलेला मासा पकडीत धरायचा का?

उत्तर : जगला तर नाही, मेला तर होय. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी दाब कमी झाल्यामुळे फुगते, डोळे बाहेर येतात आणि सोडल्यावरही तो खाली जाऊ शकत नाही. उथळ पाण्यातले मासे बरेच तगतात. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील पट्टेदार बास माशाच्या व्यवस्थापनात सोडलेल्यांपैकी ९ टक्के मासे मरतात असे धरले जाते, आणि सोडलेल्या माशांची संख्या कोट्यवधींत असल्याने ही लहान दिसणारी टक्केवारी मोठी होते. म्हणून केवळ पेटीतले मासे मोजून चालत नाही.

प्रश्न : छंद म्हणून पकडलेल्या चार माशांनी राष्ट्रीय आकड्यात असा काय फरक पडतो?

उत्तर : एकूण बेरजेत फारसा पडत नाही, हे खरे. जगभरातील हौशी सागरी पकड वर्षाला सुमारे ९ लाख टन असावी, असा २०२० चा अंदाज आहे. कोट्यवधी टनांपुढे ती किरकोळ वाटते. पण मासे बेरजेत राहत नाहीत, ते जातीजातींनी राहतात. अमेरिकेच्या २००२ मधील आकड्यांवर आधारलेल्या एका अभ्यासात हौशी मासेमारांचा वाटा एकूण उतरवलेल्या सागरी मासळीत अवघा ४ टक्के होता. ज्या जातींचे साठे चिंताजनक होते, त्यांच्यापुरते पाहिले तेव्हा तो देशभरात २३ टक्के आणि मेक्सिकोच्या आखातात ६४ टक्के निघाला. अशा जातीसाठी व्यावसायिक बोटींवर कोटा लावायचा आणि उरलेल्या निम्म्याहून अधिक पकडीकडे पाहायचेच नाही, हे त्या बोटींवर पोट असणाऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

प्रश्न : अशा अंदाजांवर विश्वास तरी किती ठेवायचा?

उत्तर : अंदाजासोबत त्याची त्रुटीची मर्यादा दिली आहे का, हे प्रथम पाहावे. पॉली-झेलर यांच्या फेरमांडणीत माहितीच्या दर्जानुसार १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत कमी-जास्तीची मर्यादा धरलेली आहे. गृहीतकांवर मतभेद आहेत आणि काही मत्स्यशास्त्रज्ञांनी, अन्न व कृषी संघटनेतील तज्ज्ञांसह, या पद्धतीवर टीकाही केली आहे. ती चर्चा निकोप आहे. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. चीनने कळवलेली पकड वास्तवापेक्षा जास्त असावी, असे २००१ मध्ये पॉली आणि रेग वॉटसन यांनीच दाखवले होते.

दुसरी गोष्ट, मोजणी सुधारली की जुने आकडे तसेच राहतात आणि नवे वाढतात. त्यामुळे मासळी वाढल्याचा भास होतो. मागची वर्षे दुरुस्त केल्याशिवाय अशा आलेखावरून निष्कर्ष काढू नयेत.

शक्य तेथे स्वतंत्र पुराव्याने पडताळा घ्यावा. इराणच्या आखातात किनाऱ्यालगत काठ्या आणि जाळ्यांची मोठी कुंपणे रोवतात. भरतीला आलेले मासे ओहोटीला त्यांत अडकतात. ही कुंपणे उपग्रहचित्रांत दिसतात. संशोधकांनी ती एकेक करून मोजली, चित्रांत न दिसलेल्यांची भर घालून २००५ साठी सुमारे १,९०० ही संख्या धरली आणि तीवरून वर्षाची पकड अंदाजे ३१,००० टन काढली. आखाताभोवतीच्या सात देशांनी मिळून कळवलेला आकडा ५,२६० टन होता.

याच पत्रात वाचकाने विचारले आहे की, सर्वेक्षक भेटला आणि त्या दिवशी काहीच मिळाले नसेल, तर त्याचा वेळ घ्यावा का. अवश्य घ्यावा. गळ किती तास टाकले ते सांगावे, आणि काही मिळाले नाही हेही सांगावे. ते शून्य त्याला लिहून घ्यायचेच असते. नुसते भरलेल्या पेट्यांचेच मासे मोजले, तर सरासरी फुगते आणि तिच्याबरोबर साऱ्या किनाऱ्याचा आकडाही फुगतो.