घरात साठवलेल्या संत्री, आंबे आणि स्ट्रॉबेरी या फळांना बुरशी लागू नये म्हणून नैसर्गिक उपाय कोणता?

तुम्ही संत्री, आंबे आणि स्ट्रॉबेरी या तिन्हींसाठी एकच उपाय विचारला आहे. तसा एक उपाय नाही, कारण प्रत्येकाची साल वेगळी आणि बुरशीही वेगळी.

संत्री, मोसंबी, लिंबांना खाण्याचा सोडा उत्तम. 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम सोडा विरघळवा, पाणी 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि फळं 2 मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा. थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. सोडा बुरशीला मारत नाही, तिची वाढ रोखतो. हिरवी बुरशी सालीवर जिथे खरचटलंय तिथूनच आत शिरते आणि सोडा तिथेच टिकून राहायला हवा. म्हणून नंतर साध्या पाण्यातून एकदाच हलकं काढा. खसाखसा धुतलं तर सगळा सोडा निघून जातो. अजिबात धुतलं नाही तर पांढरा थर राहतो आणि साल सुरकुतते. हे फळं आणली त्याच दिवशी करा, बुरशी आत रुजल्यावर उपयोग नाही. बेकिंग पावडर वापरू नका, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. सोड्यात व्हिनेगरही घालू नका, फेस येऊन दोन्ही निकामी होतात.

आंब्यावरच्या काळ्या डागांचा करपा (हाही बुरशीचाच रोग) फळ झाडावर असतानाच सालीत दडून बसलेला असतो. त्यावर 52 अंशाच्या नुसत्या पाण्यात 5 ते 10 मिनिटं. पाणी 55 च्या वर गेलं तर साल भाजू शकते.

स्ट्रॉबेरीला 1 भाग व्हिनेगर, 3 भाग पाणी, 5 मिनिटं. मग धुऊन घ्या. देठ काढू नका, ती नवी जखमच. बहुतेकांचं इथेच बिनसतं: फळं ओली असतानाच डब्यात जातात. फडक्यावर एकेक सुटी पसरून देठाखालचा खळगासुद्धा कोरडा होऊ द्या. राखाडी बुरशी फ्रिजच्या थंडीतही वाढते, त्यामुळे ओलावा राहिला तर सगळी मेहनत वाया.

लवंग-दालचिनीचं तेल बुरशीवर चालतं खरं, पण घरी मी सुचवणार नाही. ते पाण्यात मिसळत नाही. थेंब जिथे बसेल तिथे साल तपकिरी पडते.

रोज एकदा फळं उलटून बघा. मऊ, पाणचट डाग आणि मध्ये पांढरा ठिपका दिसला की ते फळ लगेच बाहेर. हिरवी पूड धरली असेल तर आधी पिशवीत झाका, मगच उचला.